ताळा जमवत शिकागो ते डेट्रॉइट: व्हाइट सॉक्सच्या हंगामाचा शेवटचा आठवडा

बेसबॉलच्या साखळीत एक संघ १६२ सामने खेळतो. आयपीएलच्या साखळीत १४ असतात, त्यावरून अंदाज यावा. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज सामना असतो. संघ हरत असला की चाहत्याला ते दुःख आठवड्यातून सहा दिवस सोसावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रेडिओ लावावा लागतो. २०२४ साली शिकागो व्हाइट सॉक्सच्या चाहत्यांच्या वाट्याला जे आलं, ते आधुनिक बेसबॉलमध्ये कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. सुरुवातीच्या २५ सामन्यांत ३ विजय. जुलै-ऑगस्टमध्ये सलग २१ पराभव. त्याच आठवड्यात प्रशिक्षक पेड्रो ग्रिफोल यांना काढलं आणि ग्रेडी साइझमोर यांना हंगामी नेमलं. २२ सप्टेंबरला सॅन डिएगोत १२० वा पराभव झाला आणि एका हंगामातल्या सर्वाधिक पराभवांच्या बाबतीत १९६२ च्या न्यू यॉर्क मेट्सशी बरोबरी झाली. आणखी एक हरले की विक्रम. पुढचे तीन सामने घरच्या मैदानावर, लॉस एंजेलिस एंजल्सशी, आणि शेवटचे तीन डेट्रॉइटला. हा आठवडा मैदानात बसून बघायचा असं ठरवून शिकागो गाठलं.

पहिला दिवस: मंगळवार, २४ सप्टेंबर

मैदान शहराच्या दक्षिण भागात, ३५ व्या रस्त्यावर. तेव्हा नाव होतं गॅरंटीड रेट फील्ड. डिसेंबरपासून ते नुसतं रेट फील्ड झालं. जुनी माणसं अजून आधीच्या मैदानाच्या नावाने कॉमिस्कीच म्हणतात, आणि कुणालाही ‘सॉक्स पार्क’ विचारलं तरी रस्ता दाखवतात. रेड लाइनच्या गाडीने सॉक्स-३५ व्या स्टेशनवर उतरायचं. स्टेशन डॅन रायन महामार्गाच्या मधोमध आहे. जिना चढून पुलावर आलं की पश्चिमेला मैदान समोरच दिसतं, पाच मिनिटांची चाल.

तेव्हा गाडीचं तिकीट अडीच डॉलर होतं, दिवसभराचा पास पाच डॉलर. बँकेचं कार्ड दारातल्या यंत्राला टेकवलं तरी चालतं, शहराच्या गाड्यांचं वेगळं व्हेंट्रा कार्ड घ्यावंच लागतं असं नाही. मात्र एका कार्डावर दिवसाचा पास काढायचा असेल तर व्हेंट्रा सोयीचं. सामना सुटल्यावर रेड लाइनच्या फलाटावर मुंगीला शिरायला जागा नसते. अशा वेळी पूर्वेला आणखी थोडं चालून ग्रीन लाइनचं ३५ वं-ब्रॉन्झव्हिल-आयआयटी स्टेशन गाठावं.

सामन्याचं तिकीट फोनवरच येतं. त्याचा स्क्रीनशॉट दारावर चालत नाही, म्हणून तिकीट घरून निघतानाच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा. बाहेरून आलेल्यांचं इथेच अडतं: नवं सिम, मैदानाबाहेर हजारो फोन, नेट मिळत नाही आणि रांग पुढे सरकते. हरत्या संघाची तिकिटं पुनर्विक्रीत स्वस्त मिळतात हे खरं, पण दिसणारी किंमत आणि शेवटी भरायची किंमत यांत शुल्काचा फरक असतो. शेवटचा आकडा बघूनच बोट दाबा. आणखी एक: कित्येक वर्षं इथे ५०० क्रमांकाच्या वरच्या डेकचं तिकीट असलं तर खालच्या फेरीत येऊ देत नसत. तिकीट घेताना सध्याचा नियम पाहून घ्यावा, कारण खाण्याच्या चांगल्या गाड्या खाली आहेत.

आत गेल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरल्या त्या कागदी पिशव्या. किराण्याची तपकिरी पिशवी, डोळ्यांना भोकं, डोक्यावर उलटी घातलेली. ही प्रथा न्यू ऑर्लीन्सच्या सेंट्स या फुटबॉल संघाच्या चाहत्यांनी १९८० साली रूढ केली. त्या वर्षी त्यांचा संघ १६ पैकी १५ सामने हरला होता. पिशवी करायची तर जाड, कड्या नसलेली घ्यावी. आधी डोक्यावर घालून डोळ्यांची जागा बाहेरून पेन्सिलीने टिंब देऊन ठरवावी, मग काढून कापावी. घातलेली असताना कुणी कात्री लावत नाही. भोकं रुपयाच्या नाण्याहून मोठी ठेवा, नाहीतर डावीकडचा तिसरा बेस दिसतच नाही. नाकाखाली दोन बोटांची आडवी चीर हवी, नाहीतर श्वासाने कागद ओला होऊन तिसऱ्या इनिंगपर्यंत फाटतो (सामना नऊ इनिंगचा, दर इनिंगला प्रत्येक संघाचे तीन बाद). चष्मा असला की काचेवर वाफ धरते. अशांनी पिशवी कपाळापर्यंतच ओढावी. आणि दारावर तपासणीच्या वेळी ती हातात ठेवावी, डोक्यावर नाही.

दुसरा सगळ्यांचा आवाज होता ‘सेल द टीम’. संघ विका, ही मागणी थेट मालक जेरी राइन्सडॉर्फ यांच्याकडे. त्यांच्या गटाने १९८१ मध्ये हा संघ घेतला. घोषणा दोन चेंडूंच्या मधल्या शांततेत सुरू होते आणि पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, हात उचलला की थांबते. खेळाडूंच्या कामात व्यत्यय येणार नाही याची ही काळजी कुणी शिकवलेली नाही, पण सगळं मैदान ती घेत होतं. राग कुणावर आणि कुणावर नाही, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

सात इनिंग झाल्या तेव्हा सॉक्स ०-२ ने मागे होते. या हंगामात सातव्या इनिंगनंतर मागे असलेले ९४ सामने त्यांनी खेळले होते आणि ९४ ही हरले होते. आठव्या इनिंगमध्ये तीन धावा आल्या. सामना ३-२. विक्रम बघायला आलेले लोक पिशव्या काढून एकमेकांकडे पाहत होते, आणि घोषणा मात्र जिंकतानाही थांबली नाही.

सप्टेंबरअखेर दिवसा बाही वर करून बसता येतं, पण सूर्य मावळला की वरच्या डेकमध्ये वारा चांगलाच जाणवतो. हा डेक इतका उभट होता की २००४ मध्ये त्याच्या वरच्या आठ रांगा काढून तिथे सपाट छप्पर घातलं. तरीही पायऱ्या उतरताना हातात खाण्याचा ट्रे असेल तर एक हात मोकळा ठेवा. जाकीट कमरेला बांधून न्यावं.

दुसरा दिवस: बुधवार, २५ सप्टेंबर

सामन्याच्या चार तास आधी गेलं तर मैदानाच्या उत्तरेच्या वाहनतळात जुन्या कॉमिस्की पार्कची होम प्लेट, म्हणजे बॅटर उभा राहतो ती जागा, बघायला मिळते. जुनं मैदान १ जुलै १९१० ला उघडलं आणि ३० सप्टेंबर १९९० ला तिथे शेवटचा सामना झाला. आता होम प्लेटच्या जागी जमिनीत दगडी पाटी आहे, बाजूला बॅटरच्या चौकटी रंगवल्या आहेत आणि फाउल रेषा डांबरावरून लांबवर गेल्या आहेत. गाड्या भरायच्या आत जावं. नंतर पाटीवर कुणाच्या तरी गाडीचं चाक येतं.

वाहनतळ उघडला की शेगड्या पेटतात. हरत्या वर्षात कित्येकांनी ठरवलं होतं की आत एक डॉलरही खर्चायचा नाही. खाणंपिणं बाहेर, आत फक्त सामना. सॉसेजबरोबर कांदा परतण्याचा वास इथला खरा वास आहे. कांदा लांब चिरून, झाकण न ठेवता, मंद आचेवर पाऊण तास. कडा काळपट झाल्याशिवाय उतरवत नाहीत. परक्या माणसालाही पावात भरून देतात. आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर एका आजोबांनी नुसता कांदा आणि मोहरीची चटणी भरून पाव पुढे केला आणि दुसरा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

आत शाकाहारी माणसासाठी इलोटे. मक्याचं कणीस तुमच्यासमोर सुरीने सोलून दाणे कपात घालतात, वर लोणी, मेयोनेझ, किसलेलं चीज, लाल तिखट, लिंबू. अंडं चालत नसेल तर मेयोनेझ नको म्हणून आधीच सांगा. एकदा कालवल्यावर उपाय नाही. लिंबू आणि तिखट जास्त मागितलं की आपल्या चौपाटीच्या भुट्ट्याच्या जवळ जातं. या हंगामात सगळीकडे गाजलेला पदार्थ मात्र कॅम्पफायर मिल्कशेक: चॉकलेट, भाजलेला मार्शमेलो, गोड बिस्किटांचा चुरा. किंमत साधारण १५ डॉलर. संघाबद्दल चांगलं बोलायला काही उरलं नव्हतं तेव्हा लोक या मिल्कशेकबद्दल बोलत. मार्शमेलोत सहसा जिलेटिन असतं, ते प्राणिजन्य. शाकाहारींनी वरचा गोळा काढून द्यायला सांगावं. दोघांत एक पुरतो.

शेजारच्या खुर्चीत नेपरव्हिलचे एक मराठी काका निघाले. मूळचे साताऱ्याचे, तीस वर्षं शिकागोत. मांडीवर पुठ्ठ्याची पाटी, तिच्यावर छापील स्कोअरकार्ड, कानामागे पेन्सिल.

“काका, १२० हरल्यावरही लिहिताय?”

“अहो, जिंकताना कोण लिहितं? जिंकताना नुसतं बघायचं. हरताना लिहायचं. हात चालू राहिला की डोकं शांत राहतं.”

हरत्या वर्षाचं याहून चांगलं औषध आठवड्याभरात दुसरं दिसलं नाही, म्हणून ते नीट सांगतो. मैदानातल्या नऊ जागांना क्रमांक असतात: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६, मग डावं, मधलं आणि उजवं आउटफील्ड ७, ८, ९. चेंडू शॉर्टस्टॉपने उचलून दुसऱ्या बेसला आणि तिथून पहिल्याला टाकला, दोन बाद, तर लिहायचं ६-४-३. तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद झाला, म्हणजे स्ट्राइकआउट, तर इंग्रजी ‘के’. बॅटर बॅट न फिरवता नुसता बघत बाद झाला तर तोच ‘के’ उलट्या तोंडाचा. प्रत्येक चौकोनात छोटा हिरा छापलेला असतो. धावपटू जितके बेस गेला तितक्या बाजू गिरवायच्या, धाव झाली की हिरा भरून टाकायचा.

पेन नको, खोडरबराची पेन्सिलच हवी. अधिकृत गुणलेखक कधीकधी हिटचं रूपांतर क्षेत्ररक्षकाच्या चुकीत करतो आणि कागद खराब होतो. पिचर बदलला की त्या बॅटरच्या वर आडवी रेघ, बॅटर बदलला की दोन चौकोनांमध्ये उभी रेघ. हरत्या संघाचं कार्ड भरताना पिचरांच्या रकान्यात जागा पुरत नाही, कारण सामना हातातून निसटत असताना पाच-सहा जण येऊन जातात. काका मागच्या बाजूला आधीच चार जादा ओळी आखून आणतात.

आणि शेवटी ताळा. आपल्या संघाचे जितके बॅटर एकूण खेळायला आले, तो आकडा तीन आकड्यांच्या बेरजेइतका यायला हवा: आपल्या धावा, बेसवर अडकून राहिलेले धावपटू आणि समोरच्या संघाने बाद केलेले. ३६ बॅटर आले, २ धावा, ७ अडकले, २७ बाद: जमलं. नाही जमलं तर बहुतेक वेळा चार खराब चेंडूंमुळे चालत पहिल्या बेसवर गेलेला कुणीतरी लिहायचा राहिलेला असतो. काकांच्या घरी या हंगामाची ६० च्या वर कार्डं आहेत. “सामना हरतो, ताळा हरत नाही,” म्हणाले, आणि खोडरबराची भुकटी फुंकली.

त्या रात्री सामना दहाव्या इनिंगमध्ये गेला. जादा इनिंगमध्ये हल्ली दुसऱ्या बेसवर एक धावपटू फुकट उभा करतात. कार्डावर त्याच्या हिऱ्याच्या पहिल्या दोन बाजू तुटक रेघेने काढायच्या, आणि त्याची धाव झाली तरी ती पिचरच्या खात्यात कमावलेली धाव म्हणून धरायची नाही. ताळा जमवताना मात्र त्याला एक जादा माणूस धरावा लागतो, नाहीतर एकाचा फरक हमखास येतो. अँड्र्यू बेनिनटेंडीच्या एका फटक्यावर सॉक्स ४-३ ने जिंकले. काकांनी हिरा भरला, दोनदा गिरवला.

तिसरा दिवस: गुरुवार, २६ सप्टेंबर

घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. याच दिवशी ओकलंडमध्ये ॲथलेटिक्स संघ तिथल्या जुन्या कोलिसियममधला शेवटचा सामना खेळत होता. संघ शहर सोडून चालला होता. ऑगस्टमध्ये सॉक्सची २१ पराभवांची माळ तुटली तीही ओकलंडमध्येच. रांगेत एक आजी म्हणाल्या, आमचा संघ हरतो पण उद्याही इथेच आहे.

लवकर आत गेलं तर मैदानाला फेरी मारता येते. सगळ्या खुर्च्या हिरव्या आहेत, त्यात दोनच निळ्या आहेत. डाव्या बाजूची पॉल कोनेर्कोच्या ग्रँड स्लॅमची (तिन्ही बेस भरलेले असतानाचा होम रन, म्हणजे चेंडू थेट प्रेक्षकांत), उजव्या मध्यातली स्कॉट पॉडसेडनिकच्या विजयी होम रनची. २३ ऑक्टोबर २००५, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, दुसरा सामना, दोन्ही फटके एकाच रात्रीचे. १९१७ नंतर ८८ वर्षांनी संघ विजेता झाला तो त्या वर्षी. लोक आपल्या मुलांना त्या निळ्या खुर्चीत बसवून फोटो काढत होते. एक वडील मुलाला सांगत होते की चेंडू इथे आला तेव्हा पाऊस भुरभुरत होता. हरत्या वर्षात माणसं अशा खुर्च्यांपाशी जास्त वेळ थांबतात.

मध्यभागी धावफलकावर भिंगऱ्या आहेत. होम रन झाला की त्या फिरतात आणि दारूकाम होतं. ही कल्पना तेव्हाचे मालक बिल व्हेक यांनी १९६० साली जुन्या मैदानात आणली. फोटो हवा असेल तर होम प्लेटच्या मागे बसा, आउटफील्डच्या खुर्च्यांवरून भिंगऱ्या पाठीमागे जातात.

हरण्याचा हिशेब इथे सगळ्यांना तोंडपाठ असतो. बाद फेरीतून बाहेर पडण्याचा आकडा असा काढतात: १६३ मधून पहिल्या संघाचे विजय आणि आपले पराभव वजा करायचे. शून्य आलं की आशा संपली. सॉक्सची ती ऑगस्टमध्येच संपली होती. संघाने १६२ सामन्यांत मिळून ५०७ धावा केल्या आणि ८१३ दिल्या, म्हणजे सामन्यामागे जेमतेम ३.१ धावा. एवढ्यावर कोणताही पिचर वाचत नाही. तरी गॅरेट क्रोशे या डावखुऱ्या पिचरने हंगामात १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट केले. त्याच्या पाळीचा दिवस बघूनच तिकीट काढणारे बरेच भेटले. संघाचा निकाल सोडून एका माणसाचं काम बघायचं, पाच दिवसांतून एकदा. हा मार्ग कुठल्याही हरत्या संघाच्या चाहत्याने उचलावा असा आहे. डिसेंबरमध्ये क्रोशेला बोस्टनला दिलं, तेव्हा त्या लोकांना काय वाटलं असेल हे सांगायला नको.

पराभवाची एक भरपाई असते: तळातल्या संघाला पुढच्या वर्षी नवे खेळाडू निवडताना वरचा क्रमांक मिळण्याची संधी. सॉक्सला तीही नव्हती. नियम असा की महसूल वाटपात पैसे देणाऱ्या मोठ्या शहरांच्या संघांना निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत लागोपाठ दोन वर्षं वरची जागा घेता येत नाही. सॉक्स २०२४ मध्ये पाचव्या क्रमांकावर निवडून मोकळे झाले होते. त्यामुळे इतिहासातला सगळ्यात हरलेला हंगाम खेळूनही २०२५ ला त्यांना दहाव्याच्या वर जाता येणार नव्हतं. नियम तळाला मुद्दाम जाणाऱ्यांना रोखायला केलेला आहे, आणि तो योग्यही असेल. पण चाहत्याच्या हातातली एकमेव आशा त्याने काढून घेतली, हे मला अन्यायाचंच वाटतं.

त्या दिवशी सॉक्स ७-० ने जिंकले. तीन सामने, तीन विजय, पराभव अजून १२० वरच. सामना संपल्यावर बराच वेळ कुणी उठलं नाही. खेळाडूंनी टोप्या काढून हात केले. खांद्यावर पोर घेतलेला एक माणूस पिशवीची घडी करून खिशात ठेवत होता. इथे विक्रम झाला नाही, घरी झाला नाही, एवढं समाधान लोक गाठीला बांधून निघाले.

चौथा दिवस: शुक्रवार, २७ सप्टेंबर, डेट्रॉइट

शिकागोच्या युनियन स्टेशनवरून ॲमट्रॅकची वुल्व्हरिन गाडी डेट्रॉइटला साडेपाच तासांत जाते. दिवसाला तीन गाड्या. सामना गाठायचा तर सकाळचीच घ्या, कारण शिकागोतून बाहेर पडून इंडियानातल्या पोर्टरपर्यंत मालगाड्यांच्या रुळांवर वाट बघावी लागते. पुढे गाडी ताशी ११० मैलांपर्यंत पळते. डेट्रॉइटचं घड्याळ एक तास पुढे आहे. तिकिटावरच्या पोचण्याच्या वेळेत हा तास धरलेला असतो, पण मनातल्या हिशेबात राहून जातो. स्टेशनजवळून क्यूलाइन ट्राम वुडवर्ड मार्गाने थेट गावात जाते, फुकट. कोमेरिका पार्कच्या दारावर वाघांचे प्रचंड पुतळे आहेत. आत पाळणा आहे, त्याच्या टोपल्या बेसबॉलच्या आकाराच्या.

वाघांच्या गावात हा आकडा यावा याला एक अर्थ होता. डेट्रॉइट टायगर्स २००३ मध्ये ११९ हरले होते, अमेरिकन लीगमधला (साखळीच्या दोन भागांपैकी एक, सॉक्सही त्यातलेच) तोवरचा सगळ्यात मोठा आकडा. तो सॉक्सनी सॅन डिएगोतच मागे टाकला. आज टायगर्स जिंकले तर दहा वर्षांनी बाद फेरीत जाणार होते. म्हणजे एकाच चेंडूवर एका संघाचा सण आणि दुसऱ्याचा विक्रम.

सॉक्स १-४ ने हरले. १२१. सगळं मैदान उभं राहून ओरडत होतं. काळ्या-पांढऱ्या टोप्यांचे पाच-सहा जण आमच्या रांगेत बसून होते. शेजारचा टायगर्सचा चाहता, पांढऱ्या दाढीचा, आपला जल्लोष थांबवून वाकला आणि त्यांच्यातल्या एकाशी हात मिळवून म्हणाला, “२००३ ला मी इथेच होतो.” बाकी काही बोलला नाही. दोघं थोडा वेळ तसेच उभे राहिले.

मोजणीबद्दल एक नोंद, कारण यावरून वाद होतात. पराभवांची संख्या धरली तर १९०० नंतर सॉक्सच सगळ्यात खाली. टक्केवारी धरली तर नाही: मेट्स ४०-१२०, म्हणजे ०.२५०, सॉक्स ४१-१२१, म्हणजे ०.२५३, आणि १९१६ चे फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स ३६-११७, म्हणजे ०.२३५. त्याआधीचे १८९९ चे क्लीव्हलँड स्पायडर्स तर २०-१३४. साताऱ्याच्या काकांनी हे आकडे कार्डाच्या मागे लिहून आमच्या हातात दिले होते.

शनिवारी ४-० आणि रविवारी ९-५. शेवटचे दोन सामने सॉक्स जिंकले, म्हणून ४१. परतीच्या गाडीत काकांचा फोटो आला: रविवारचं कार्ड, कडेला हंगामाची बेरीज, खाली ‘ताळा जमला’. त्याखाली एक तारीख चौकटीत लिहिली होती, २७ मार्च २०२५. सॉक्सच्या पुढच्या हंगामाचा पहिला सामना, ३५ व्या रस्त्यावर, पुन्हा एंजल्सशीच.